कायद्यात नसलेली अटक

चोरी ही मानवी समाजाइतकीच जुनी आहे. परंतु चोराने घराचा उंबरठा न ओलांडता, कुलपाला हात न लावता, घरमालकाच्याच हातून त्याची तिजोरी रिकामी करून घ्यावी, ही सोय मात्र अगदी अलीकडच्या काळात निर्माण झाली आहे. २०१६ मध्ये यूपीआय ही देयक प्रणाली सुरू झाल्यापासून बँकेच्या रांगेत उभे न राहता पैसे पाठविणे सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आठवडे बाजारात भाजी विकावयास येणारी स्त्रीसुद्धा आज टोपलीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा ठेवून बसते. हा बदल स्वागतार्हच आहे. मात्र ज्या वाटेने पैसा क्षणार्धात येतो त्याच वाटेने तो तितक्याच वेगाने जातोही, आणि गेलेला पैसा वाटेत अडविण्यासाठी मिळणारा अवधी फार थोडा असतो.

जुलै २०२५ मध्ये संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी गमावलेली रक्कम २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये होती. २०२४ साली ती सुमारे २२,८४५ कोटी रुपयांवर गेली. एका वर्षात ही वाढ तिपटीहून अधिक आहे. या रकमेत शेअर बाजारातील भरघोस नफ्याची आमिषे, घरबसल्या कामाची आश्वासने, बनावट कर्जे, खोटी वीजबिले अशा नाना प्रकारांचा वाटा आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने त्यांपैकी एकाच प्रकाराचा विचार केला आहे. या प्रकारात माणसाचा लोभ चाळविला जात नाही, तर त्याची कायद्याविषयीची आदरबुद्धीच त्याच्याविरुद्ध वापरली जाते. वृत्तपत्रांतून ‘डिजिटल अटक’ या नावाने परिचित झालेला हा प्रकार होय.

फसवणुकीची रीत

कल्पना करावी की, एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. मुलगी पुण्यात, मुलगा परदेशी. घरात दोघेच. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम मुदत ठेवीत आहे. सकाळी अकराच्या सुमारास दूरध्वनी येतो. आपण एका कुरिअर कंपनीतून बोलत आहोत, आपल्या नावे परदेशी जाणाऱ्या एका पार्सलमध्ये अमली पदार्थ व पारपत्रे सापडली आहेत, असे पलीकडील व्यक्ती अत्यंत अदबीने सांगते. कधी कुरिअरऐवजी दूरसंचार खाते असते आणि ‘आपल्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डावरून गैरकृत्ये झाली आहेत’ असे सांगितले जाते. गुरुजी गोंधळतात. ‘आपला दोष दिसत नाही, आपल्या कागदपत्रांचा कोणी दुरुपयोग केला असावा, मी आपणास पोलिसांशीच जोडून देतो’ असे म्हणून तोच दूरध्वनी पुढे ‘पोलीस ठाण्याला’ जोडला जातो.

यानंतर व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर गणवेशातील अधिकारी दिसतो. त्याच्यामागे राजमुद्रा, भिंतीवर फलक, बाजूला बिनतारी यंत्राचा आवाज, असे सारे यथासांग मांडलेले असते. थोड्याच वेळात केंद्रीय अन्वेषण विभाग, सक्तवसुली संचालनालय किंवा रिझर्व्ह बँक यांच्या नावाची पत्रे मोबाईलवर येतात. पत्रावर जावक क्रमांक असतो, शिक्का असतो, स्वाक्षरीही असते. मग ‘अटकेचा’ हुकूम सुटतो. खोलीचे दार लावून घ्यावे, कॅमेरा बंद करू नये, झोपतानाही तो सुरूच ठेवावा, दर तासाला हजेरी द्यावी आणि मुख्य म्हणजे हे प्रकरण राष्ट्रीय सुरक्षिततेशी निगडित असल्यामुळे पत्नीला, मुलांना, शेजाऱ्यांना कोणालाही काही सांगू नये. अशा रीतीने माणसे तासन्तास, काही प्रकरणांत तर कित्येक दिवस स्वतःच्याच घरात कैदी होऊन राहिली आहेत.

शेवटचा टप्पा पैशाचा. ‘आपल्या ठेवी वैध मार्गाने मिळविलेल्या आहेत किंवा नाहीत याची पडताळणी करावयाची आहे, सर्व रक्कम अमुक खात्यात जमा करावी, पडताळणी होताच ती परत मिळेल.’ गुरुजी बँकेत जातात, मुदतीपूर्वी ठेव मोडतात आणि आपल्याच हाताने आरटीजीएसचा अर्ज भरतात. बँकेत जातानाही दूरध्वनी खिशात सुरूच असतो. विचारले तर काय सांगावयाचे, घराचे काम काढले आहे की नातीचे लग्न आहे, हेसुद्धा पढवून ठेवलेले असते.

कायदा प्रत्यक्षात काय सांगतो

डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद भारतातील कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या आकाशवाणीवरील भाषणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु ‘नाही’ एवढेच सांगून भागत नाही. अटक म्हणजे नेमके काय, हे ठाऊक असल्यावाचून नागरिकाला खोटे ओळखता येणे अवघड आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३ व्या कलमान्वये अटक करताना पोलीस अधिकाऱ्याने त्या व्यक्तीच्या शरीरास प्रत्यक्ष स्पर्श केला पाहिजे अथवा तिला प्रत्यक्ष रोखून धरले पाहिजे. ती व्यक्ती शब्दाने वा कृतीने आपण होऊन ताब्यात आली तरच याची आवश्यकता राहत नाही. आता ताब्यात यावयाचे तर ताबा घेणारा अधिकारी समोर उपस्थित असावयास हवा, हे उघड आहे. त्याच कलमानुसार स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थिती वगळता अटक करता येत नाही, आणि तसा अपवाद उद्भवला तरी महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. रात्रभर कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलेल्या भगिनींना ही एक गोष्ट ठाऊक असती, तर पुष्कळ अनर्थ टळले असते.

संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या व्यक्तीला अटकेची कारणे जाणून घेण्याचा व आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार दिला आहे, आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे बंधनकारक केले आहे. संहितेच्या ४८ व्या कलमाने तर अटकेची माहिती त्या व्यक्तीच्या नातेवाइकास, मित्रास किंवा तिने सांगितलेल्या अन्य व्यक्तीस ताबडतोब कळविण्याचे कर्तव्य पोलिसांवरच टाकले आहे. खऱ्या आणि खोट्या अटकेतील सर्वांत ठळक फरक येथेच आहे. खरा कायदा ‘घरच्यांना कळवा’ असा आग्रह धरतो. भामट्याची पहिली अट ‘कोणालाही कळवू नका’ ही असते. पत्रावरील शिक्के, गणवेशावरील तारे, अधिकाऱ्याचे हुद्दे ही सारी बारकाईने तपासण्याची क्षमता सामान्य माणसाजवळ नसते. हा एक फरक मात्र कोणालाही, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही, पारखता येतो.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उपस्थित होईल. २०२० सालापासून न्यायालये दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणी घेऊ लागली. नव्या संहितेने न्यायालयाचे समन्स इलेक्ट्रॉनिक रीतीने बजावण्याचीही सोय केली आहे. मग पोलीस मोबाईलवरून का बोलावणार नाहीत? भामट्यांचे सारे भांडवल या संभ्रमावरच उभे आहे. याचे उत्तर असे की, समन्स म्हणजे अटक नव्हे आणि समन्सासोबत कोणी ठेवी मागत नाही. पोलिसांपुढे हजर राहण्याविषयीची ३५ व्या कलमाखालील नोटीस तर व्हॉट्सॲप किंवा तत्सम माध्यमातून बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. साक्षीदार म्हणून जबाब द्यावयाचा असेल तर साठ वर्षांवरील पुरुषाला अथवा कोणत्याही वयाच्या स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र बोलावण्याची सक्तीही करता येत नाही. १७९ व्या कलमानुसार पोलिसांनीच त्यांच्याकडे जावयाचे असते.

राहता राहिला पैशांच्या ‘पडताळणी’चा मुद्दा. एखाद्या खात्यातील रकमेविषयी पोलिसांना खरोखरच संशय असेल तर ते बँकेला लिहून ते खाते गोठवितात. खातेदाराला ‘पैसे दुसरीकडे हलवा’ असे सांगण्याचे त्यांना कारणच नसते. रिझर्व्ह बँक सर्वसामान्य नागरिकांच्या ठेवी स्वीकारीत नाही, तेव्हा तिच्या नावे कोणी खाते क्रमांक दिला तर त्यापुढे चौकशी करण्याची गरज उरू नये.

सुशिक्षित माणूस का फसतो

अशी प्रकरणे वाचल्यावर ‘एवढी शिकलेली माणसे इतकी भोळी कशी?’ असा उद्गार हमखास निघतो. हा उद्गार अन्यायाचा आहे आणि त्याने नुकसानच होते. २०२४ मध्ये लुधियानातील एका मोठ्या उद्योगसमूहाच्या ८२ वर्षांच्या प्रमुखांना अशाच रीतीने सात कोटी रुपयांना फसविण्यात आले. त्यांच्यासमोर पडद्यावर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी करण्यात आली होती. ज्यांनी हजारो कामगारांचा कारभार आयुष्यभर सांभाळला, अशा माणसाला भोळा म्हणणे कठीण आहे.

वस्तुस्थिती अशी की, ज्याने उभ्या आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, शासकीय पत्राला ज्याने नेहमी मान दिला, ज्याला अब्रूची चाड आहे, तोच माणूस या जाळ्यात लवकर सापडतो. सराईत गुन्हेगाराला अशी धमकी दिली तर तो प्रथम वकिलाला विचारील. सज्जनाला मात्र आपले नाव वृत्तपत्रात येईल या कल्पनेनेच घाम फुटतो. भीतीने ग्रासलेल्या मनाला विचार करावयास उसंत लागते आणि ती मिळू नये यासाठीच व्हिडिओ कॉल तुटू दिला जात नाही. दार बंद करावयास लावणे, बोलण्यास मनाई करणे, घाई करणे या तिन्ही गोष्टींचा हेतू एकच असतो. दुसऱ्या शहाण्या माणसाचा शब्द त्या घरात शिरू नये. म्हणूनच ज्या ज्या प्रकरणांत फसवणूक अर्ध्यावर थांबली, तेथे बहुधा कोणीतरी तिसरी व्यक्ती मध्ये आलेली दिसते. कधी शेजारीण दार वाजविते, कधी मुलीचा दूरध्वनी येतो. हैदराबादेत २०२४ मध्ये बँकेच्या कर्मचाऱ्यांनीच घाईघाईने ठेव मोडावयास आलेल्या ज्येष्ठ ग्राहकाला थांबवून, आस्थेने विचारपूस करून त्याचे पैसे वाचविल्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पूर्वीच्या काळी बँकेतील रोखपाल खातेदाराला नावाने ओळखत असे. यंत्रांच्या युगात ती ओळख कमी झाली असली, तरी वृद्ध खातेदार मोठी ठेव मोडावयास आला असता दोन प्रश्न विचारण्याची रीत प्रत्येक शाखेने सांभाळली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२०२५ मध्ये हरियाणातील एका वृद्ध दांपत्याने सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहून आपली कैफियत मांडली. न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून त्यांच्याकडून एक कोटीहून अधिक रुपये उकळण्यात आले होते. न्यायालयाने या पत्राची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. लाज बाजूस सारून लिहिलेल्या एका पत्राचा हा परिणाम आहे.

पैशाचा प्रवास आणि पहिला तास

खात्यातून निघालेली रक्कम भामट्याच्या स्वतःच्या खात्यात कधीच जात नाही. ती प्रथम एका अनोळखी माणसाच्या खात्यात जाते. तेथून काही मिनिटांत दहा-वीस खात्यांत वाटली जाते. त्या खात्यांतून आणखी पुढे फुटते. काही रक्कम एटीएममधून रोख काढली जाते, काहीचे आभासी चलन घेऊन ती देशाबाहेर पाठविली जाते. ओढ्याचे पाणी एकदा शेतात पसरले की ते पुन्हा पात्रात आणता येत नाही. बांध घालावयाचा तो पाणी पाटात असतानाच.

असा बांध घालण्याची यंत्रणा आज उपलब्ध आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रामार्फत २०२१ मध्ये आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार तात्काळ नोंदविण्याची व्यवस्था सुरू झाली. तिचा मदत क्रमांक १९३० हा आहे. या क्रमांकावर तक्रार येताच तेथील कर्मचारी व्यवहाराचा तपशील प्रणालीत भरतो. तो तपशील क्षणात संबंधित बँकेकडे जातो. रक्कम अद्याप त्या खात्यात असेल तर बँक ती रोखून धरते. पुढे गेली असेल तर ती कोणत्या बँकेत गेली याची नोंद करून तीच तक्रार पुढील बँकेकडे पाठविली जाते. अशा रीतीने ज्या वाटेने पैसा पळाला त्याच वाटेने तक्रार त्याचा पाठलाग करते. तक्रार पैशाच्या जितकी निकट, तितकी रक्कम हाती लागण्याची शक्यता अधिक. जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगण्यात आल्याप्रमाणे या व्यवस्थेमुळे तोवर १७ लाख ८२ हजारांहून अधिक तक्रारींत ५,४८९ कोटी रुपयांहून अधिक रक्कम वाचविता आली होती. गमावलेल्या रकमेच्या मानाने हा आकडा लहान वाटेल. परंतु पुष्कळ लोक तक्रार करण्यापूर्वी दोन-तीन दिवस घालवितात, हे लक्षात घेतले पाहिजे. कोणी भावाला विचारू म्हणतो, कोणी सोमवारी बँक उघडण्याची वाट पाहतो, कोणी झाल्या प्रकाराची वाच्यताच करीत नाही.

१९३० वर बोलताना बँकेचे नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, दिनांक आणि वेळ हा तपशील हाताशी असावा. संदेश, बनावट पत्रे, दूरध्वनी क्रमांक यांपैकी काहीही पुसून टाकू नये. संतापाच्या भरात मोबाईल कोरा करून टाकणारे नागरिक नकळत पुरावाच नष्ट करतात. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर सविस्तर तक्रार भरावी अथवा जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. आपल्या राज्यात या कामाचा समन्वय ‘महाराष्ट्र सायबर’ ही यंत्रणा करते. तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे येथे आहे. पैसे गेले नसले, नुसताच संशयास्पद दूरध्वनी आला असला, तर तो दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ सेवेतील ‘चक्षू’ या सुविधेत कळविता येतो. परदेशातून येणारे, परंतु पडद्यावर भारतीय क्रमांक दर्शविणारे फसवे दूरध्वनी वाटेतच अडविण्याची प्रणाली त्या विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख दूरध्वनी अडविले गेले.

बँकेला तत्काळ कळविण्यास कायदेशीर महत्त्वही आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने असे ठरवून दिले की, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना त्रयस्थाच्या कृत्यामुळे खात्यातून रक्कम गेली आणि ग्राहकाने तीन कार्यदिवसांत कळविले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडू नये. ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर झालेले मात्र बँकेचे. स्वहस्ते पैसे पाठविणाऱ्या, भीतीपोटी फसलेल्या ज्येष्ठांना या तत्त्वाचा फारसा आधार मिळत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

भाडोत्री खाती

पैशाच्या या प्रवासात वाटेवर लागणारी खाती कोणाची असतात, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा आपल्याच गावात सापडते. महाविद्यालयीन विद्यार्थी, रोजंदारीवरील मजूर, छोटे दुकानदार यांना ‘तुझे खाते आम्हाला महिनाभर वापरावयास दे, पाच-दहा हजार मिळतील’ असे सांगून त्यांचे खाते, एटीएम कार्ड व सिमकार्ड ताब्यात घेतले जाते. आपण कोणाचेही काही चोरले नाही अशी त्या तरुणाची प्रामाणिक समजूत असते. पोलीस मात्र पैशाच्या मागावर निघतात ते प्रथम त्याच्याच दारात येऊन उभे राहतात, कारण कागदोपत्री रक्कम त्याने स्वीकारलेली असते. खाते गोठते. फसवणुकीच्या गुन्ह्यात सहभागाचा आरोप येतो आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. खाते भाड्याने देणे म्हणजे चोरीचा माल ठेवण्यासाठी घराची किल्ली देणे होय, ही गोष्ट शाळा-महाविद्यालयांतून मुलांना समजावून सांगितली जावयास हवी. ज्येष्ठांना सावध करणाऱ्या व्याख्यानांइतकीच तरुणांसाठी अशा व्याख्यानांची गरज आहे, किंबहुना अधिकच.

दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला बसलेले लोकही सगळेच स्वखुशीने तेथे गेलेले नसतात. म्यानमार, कंबोडिया, लाओस या देशांत संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या तरुणांना कुंपणाच्या आत डांबून त्यांच्याकडून ही कामे करवून घेतली जातात. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना मायदेशी परत आणण्यात आले. परदेशी नोकरीचे पत्र हाती पडले असता ती संस्था नोंदणीकृत आहे किंवा नाही, याची खात्री परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर करून घेता येते.

गटांची राखण

फसवणुकीचे पहिले पाऊल दूरध्वनीनेच पडते असे नाही. गृहनिर्माण संस्था, गावकी, माजी विद्यार्थी, भजनी मंडळ अशा प्रत्येक समूहाचा आज व्हॉट्सॲपवर गट असतो, आणि भामट्यांना हे गट फार सोयीचे वाटतात. ओळखीच्या माणसाच्या नावावरून आलेली गोष्ट कोणी पारखून घेत नाही. ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘वाहतूक दंडाची पावती’ या नावाने एखादी एपीके फाईल गटात येते. ती उघडून मोबाईलमध्ये बसविली की त्यातील संदेश व ओटीपी परक्याच्या हाती जातात, आणि पुढे त्याच मोबाईलवरून तीच पत्रिका सर्व परिचितांना रवाना होते. पत्रिका ही छायाचित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते. ती ‘बसवावी’ लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

अशा गटाच्या ॲडमिनची जबाबदारी किती, याविषयी बराच गैरसमज आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याखेरीज, ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. कायद्याने त्याला असा दिलासा दिला असला तरी सदस्य घेणे व काढणे हे अधिकार त्याच्याच हाती असतात, आणि सदस्यांचा मजकूर सर्वांसाठी काढून टाकण्याची सोयही त्याला उपलब्ध आहे. अनोळखी क्रमांक गटात न घेणे, एपीके फाईल दिसताच ती काढून ज्याच्या नावे ती आली त्याला प्रत्यक्ष दूरध्वनी करून सावध करणे, गुंतवणुकीच्या जाहिराती गटात येऊ न देणे, एवढे काम त्याने केले तरी शंभर-दोनशे घरांची राखण होते. गावच्या यात्रेत पाकीटमारांवर नजर ठेवणारे स्वयंसेवक असतात, तद्वतच हे काम आहे. त्याला पगार नाही आणि बहुधा आभारही नाहीत.

गुंतवणुकीच्या गटांचा प्रकार याहून निराळा. तेथे ॲडमिन, ‘तज्ज्ञ’ आणि नफ्याचे आकडे मिरविणारे शंभर सदस्य हे सारे एकाच टोळीचे असतात. खरा सदस्य एकटा आपणच. अशा गटातून निमूटपणे बाहेर न पडता त्याची तक्रार त्या माध्यमाकडे करावी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले आहे. खाजगी चित्रे प्रसृत करण्याची धमकी देऊन पैसे उकळण्याच्या प्रकारांतही याच मार्गाचा अवलंब करावा. स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय संकेतस्थळावर आपले नाव न देताही नोंदविता येते. एकदा पैसे दिल्याने ही मागणी थांबत नाही, असाच अनुभव आहे.

रोखलेली रक्कम परत मिळविताना

१९३० वर तक्रार केल्यानंतर ‘आपली अमुक इतकी रक्कम रोखून धरण्यात आली आहे’ असा निरोप मिळाला म्हणजे ती आपोआप खात्यात येते, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. ती रक्कम दुसऱ्याच्या खात्यात अडकलेली असते आणि तो खातेदारही तिच्यावर हक्क सांगू शकतो. यास्तव मोठ्या रकमांच्या बाबतीत साधारणतः दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात अर्ज करून ती परत देण्याविषयी आदेश मिळवावा लागतो. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५०३ व्या कलमाचा आधार घेतला जातो. अर्जासोबत खातेउतारा, तक्रारीचा पोच क्रमांक, गुन्हा नोंद झाला असल्यास त्याची प्रत आणि रक्कम कोणत्या बँकेत रोखली आहे याविषयीचे तपास अधिकाऱ्याचे म्हणणे जोडावे. वकील नेमण्याची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारणा करावी. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. रक्कम तीन-चार राज्यांतील बँकांमध्ये विभागून अडकली असेल तर प्रत्येक बँकेशी स्वतंत्र पत्रव्यवहार करावा लागतो आणि त्यात काही महिने सहज जातात. या अवधीत तपास अधिकाऱ्याची बदली झाली तर नव्या अधिकाऱ्यास पोच क्रमांकासह लेखी स्मरणपत्र द्यावे व त्याची सही-शिक्क्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी.